एकटीनं उचलायची गाडी

माझी ताई एकोणसाठ वर्षांची आहे आणि वर्षातून एकदा ती आपली मोटारसायकल मुद्दाम आडवी पाडते. मग ती एकटीनं उचलते. मी शेजारी उभं राहून बघायचं. हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, तोंडातून ब्र काढायचा नाही. वीस वर्षं हे चाललंय आणि वीस वर्षं मी मनातल्या मनात म्हणत आलोय, की यंदा तरी हिला ती उचलता येऊ नये.

असला कसला भाऊ, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. तुमची बहीण तीन तास गाडीखाली अडकून पडली नव्हती.

पण आधी ती करते काय ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ताई मोटारसायकलींच्या सीटा शिवते. एक लांबट खोली, पुढे फरशीचं अंगण, आणि फाटकापाशी रस्त्याकडे जाणारा उतार. खोलीत भिंतीला टेकवलेले फोमचे जाड पत्रे, रेक्झिनचे रोल, एक दणकट शिलाई मशीन, आणि फोम कापायला विजेवर चालणारी लांब सुरी. ही सुरी मुळात पाव कापायला बनवलेली आहे. कंपनीला कळलं तर त्यांना भोवळ येईल.

तिच्याकडे येतात ती लांबच्या प्रवासाची माणसं. त्यांच्या गाड्या उंच, खडी तुडवणाऱ्या, ओढे ओलांडणाऱ्या. आणि मालक असा, की सिग्नलला पाय पुरत नाही म्हणून मनातून टरकलेला. ताई त्याला बूट, जाकीट सगळं घालून गाडीवर बसवते. दोन्ही बुटांखाली पुठ्ठ्याची एकेक पट्टी सरकवते आणि ओढते. पट्टी सहज निघाली, की म्हणते, "पाय नुसता लागलाय, टेकलेला नाही." मग खडूनं खूण, मग सुरी. पुन्हा बसा, पुन्हा पुठ्ठा. पट्टी बुटाखाली अडकून फाटेपर्यंत ती माणसाला सोडत नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असतं. पाय डावा, पाय उजवा, गुडघा, हाताची पोच, वजन. सगळी कार्डं बुटांच्या खोक्यांत. आणि भिंतीवर पाटी, तिच्याच ठसठशीत अक्षरात: जुन्या मापावर सुरी चालणार नाही. एक दातांचे डॉक्टर एकदा नव्या गाडीची सीट घेऊन आले, म्हणाले, "अहो, दोन वर्षांपूर्वी घेतलंत की माप, त्यावरच कापा." ताई म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीचा माणूस घेऊन या, लगेच कापते." डॉक्टर पोट आत ओढून निमूट गाडीवर चढले.

तिला नवरा होता. तो गेला. मेला नाही हो, दुसऱ्या शहरात गेला, आणि जाताना बहुतेक सामान घेऊन गेला. उरलेल्या सामानात एक जुनी साडेसहाशे सीसीची मोटारसायकल होती, बंद पडलेली, काळी. ताईनं तिला शेजारच्या मिस्त्रीकडून चालू करून घेतली, स्वतः सीट कापली आणि तिचं नाव ठेवलं काळी. तेव्हा ताई सदतीस वर्षांची. दर उन्हाळ्यात मोठी खिंड उघडली, की ही बाई एकटी सोळा दिवस पसार. मी पाणीपुरवठ्यात मीटर वाचणारा माणूस. घरातून निघतो, आकडे लिहितो, घरी येतो. आम्ही दोघं एकाच आईच्या पोटी आलो यावर माझा अजून विश्वास नाही.

दोन वर्षांनी व्हायचं ते झालं. खिंडीच्या अलीकडे, खडीच्या वळणावर काळी आडवी झाली ती ताईच्या डाव्या पायावर. सरळ आडवी, सामानासकट. तीन तास. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी रस्त्याच्या कामावरचा एक रोलरवाला आला आणि त्यानं एकट्यानं गाडी उचलली. मी नऊ तास गाडी हाकत दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये लटकत होता आणि ही रोलरवाल्याची उचलायची पद्धत कागदावर काढत होती.

मी भडकलो. नको नको ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धाकट्या, अट घालते. जी गाडी मला एकटीला उचलता येते तीच माझी. दर वर्षी निघायच्या आधी तुझ्यासमोर पाडीन आणि उचलीन. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात. वाद नाही."

मी लगेच हो म्हणालो. वाटलं, फार तर तीन वर्षं. ताईच ती, वीस वर्षं उचलत राहिली. टाकी भरलेली, उजव्या अंगाला आडवी पाडायची, म्हणजे डावीकडचं स्टँड आधी उघडून ठेवता येतं. हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून उकिडवं बसायचं, बूड सीटच्या कडेला टेकवायचं. एका मुठीत हँडल, दुसऱ्या मुठीत मागची दांडी. मग टाचांवर जोर देत मागं मागं एकेक पाऊल. सगळा जोर मांड्यांचा. काळी उभी राहिली, की ताई हात झटकायची आणि म्हणायची, "चहा टाक."

या वर्षी खिंड उघडायला सात आठवडे होते तेव्हा काळी गेली.

मिस्त्रीनं पुढच्या चाकाचं काम काढलं आणि हँडल जिथं सांगाड्याला बसतं तिथं त्याला केसाएवढी चीर दिसली. त्यानं रॉकेलच्या फडक्यानं पुसून दाखवली. ताई बोट फिरवत राहिली. "वेल्डिंग?" तिनं विचारलं.

"करीन की," मिस्त्री म्हणाला. "पण मग त्यावर तुम्हाला बसू देणार नाही."

हा मिस्त्री बावीस वर्षं तिचं सगळं ऐकत आलेला माणूस. त्या दिवशी तो ऐकेना. ताईनं काळीला आत घेतलं, भिंतीला लावलं, वर चादर टाकली. खरं सांगतो, माझ्या जिवात जीव आला होता. म्हटलं, संपलं. देवानंच सोडवलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन शोरूममध्ये.

शोरूममधला विक्रीचा माणूस सरळ माझ्याकडे आला. "सर, कोणती बघायची?" मी म्हणालो, "मला जिना चढताना धाप लागते. यांना विचारा." ताईनं सगळ्या गाड्यांभोवती एक फेरी मारली. समोर टीव्ही बसवल्यासारखे पडदे, बसायची गादी गरम होते म्हणे. एका कोपऱ्यात त्यातल्या त्यात बारकी एक गाडी होती, फिकट हिरवी. ताईनं तिला एका नजरेत निकालात काढलं. "हा पोरखेळ आहे. खिंडीत वारा उडवून लावील." मग एका मोठ्या गाडीवर हात ठेवून तिनं विचारलं, "ही आडवी पाडून बघता येईल?"

विक्रीवाला हसला. मग त्याला कळलं ती हसत नाहीये. त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, नवी गाडी आहे. एक ओरखडा आला तर विकायची कशी?" ताई म्हणाली, "न उचलता घ्यायची कशी?" आणि बाहेर पडली.

चार दिवसांत तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी, आपली गाडी आणून अंगणात उभी केली. वर्षभरच वापरलेली, दोनशे वीस किलोची. सर गाडी विकायच्या विचारात होते. "आठवडाभर ठेवा, पसंत पडली तर बोलू," म्हणाले. मी तिचं नाव ठेवलं हत्ती. ताईला राग आला, पण नाव चिकटलं.

मी म्हणालो, "ताई, नाकापेक्षा मोती जड होतोय."

"नाक माझं आहे," ती म्हणाली.

सरांच्या सीटला तिनं हात लावला नाही. भंगारवाल्याकडून त्याच गाडीची एक फाटकी सीट आणली आणि ती स्वतःसाठी कापायला घेतली. खोक्याच्या तळातून स्वतःचं कार्ड काढलं, समोर ठेवलं, सुरी चालवली. रेक्झिन ताणून बसवलं. ती गाडीवर बसली, बूट घालून, तेव्हा मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन वाकलो. म्हटलं, आपलीही थोडी मदत.

"राहू दे रे," ती म्हणाली. "माझं माप मला पाठ आहे."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

फेरी छान झाली. अर्ध्या तासानं ती परत आली तेव्हा मी आणि सर फाटकात उभे होतो. तिनं उतारावर ब्रेक लावला, डावा पाय खाली सोडला, आणि पाय जमिनीला लागायच्या आधीच गाडी कलली. जेमतेम बोटाच्या जाडीचा फरक. पण दोनशे वीस किलो एकदा कलले की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. ताईनं वेळेवर उडी मारली म्हणून वाचली. हत्ती डाव्या अंगावर, उताराकडे तोंड करून पडला.

सर धावले. ताईनं हात वर केला. "थांबा. कुणी हात लावायचा नाही."

तिनं हँडल वळवलं. पाठ केली. बूड टेकवलं. पहिल्यांदा गाडी गुडघ्याएवढी वर आली आणि परत गेली. दुसऱ्यांदा तेवढीही नाही. तिसऱ्यांदा ताईच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या, डावा बूट फरशीवरून सरकला आणि ती बसकण मारून खाली आली. बराच वेळ तशीच बसून राहिली, गाडीला टेकून, धापा टाकत. मग उठली. कमरेच्या पाकिटातून काळीची किल्ली काढली. चामड्याचा गोल तुकडा लावलेली ती जुनी रिंग, जी बावीस वर्षं मी तिच्या हातात बघत आलो होतो.

"घे," ती म्हणाली. "सरांची किल्ली सरांना जाईल. ही तुझी. वाद नाही."

हत्ती आम्ही दोघा पुरुषांनी मिळून उभा केला.

घरी गेलो. बायकोला सांगितलं. म्हटलं, "बरंच झालं एकापरीनं."

"मग चेहरा का पाडलाय?" तिनं विचारलं.

"आता निदान उन्हाळाभर फोनकडे बघत बसायला नको. वीस वर्षं जीव टांगणीला लागतो माझा."

"अहो, वीस वर्षं घाबरलात. अजून वीस घाबरलात तर काय बिघडणार होतं?" असं म्हणून ती भांडी घासायला निघून गेली. आमच्या घरात मला सहानुभूती अशी मिळते.

पुढचे आठ दिवस मी रोज ताईकडे जात होतो. मीटर त्याच गल्लीत होते असं मी सांगत होतो, नव्हते. ती काम करत होती. सीटा कापत होती, पुठ्ठे ओढत होती. माझ्याशी मात्र गोड बोलत होती. "ये, बस. दमलास का? पाणी देऊ?" जन्मात ही बाई माझ्याशी असं बोलली नव्हती. मला तिनं नेहमी "आलास? ते टोक धर" असं म्हटलेलं. ते "पाणी देऊ?" ऐकलं की मी उठून रेक्झिनचे रोल सरळ करत बसायचो. मला माझी भांडखोर बहीण परत हवी होती, आणि तिची किल्ली माझ्या खिशात होती.

नवव्या दिवशी मी तिथंच असताना एक गिऱ्हाईक आलं. घाईत होतं. "तुमच्याकडे कार्ड आहे माझं, त्यावरच कापून टाका. माझं माप काही बदललेलं नाही."

ताईनं नेहमीसारखा हात पाटीकडे केला. आणि हात तिथंच राहिला. ती पाटीकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणी ती लावली होती.

त्या माणसाचं माप तिनं घेतलं, पण दोनदा टेप खाली पडली. तो गेल्यावर तिनं स्वतःचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे अक्षर कुणाचं?"

माझंच होतं. काळीची पहिली सीट कापली तेव्हा ती गाडीवर बसली होती आणि मी टेप धरली होती. डावा पाय सत्तर, उजवा पाय सत्तर. खाली तारीख. अपघाताच्या दोन वर्षं आधीची.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावभरच्या लोकांची मापं दर वेळी नव्यानं घेणारी ही बाई. स्वतःवर मात्र बावीस वर्षांपूर्वीच्या कार्डानं सुरी चालवली होती.

"घे माप," ती म्हणाली.

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, अनवाणी. मी गुडघ्यावर बसलो. उजवा सत्तर. कार्डावर लिहिला. डाव्या पायाला टेप लावली, आकडा वाचला आणि पेन खाली ठेवलं. मला तो आकडा वीस वर्षं माहीत होता. दवाखान्याच्या बोळात डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, हाड जुळेल पण पाय दोन सेंटिमीटर आखूड राहील. मी ताईला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं. तिच्या रोजच्या डाव्या चपलेला बुचाचा जाड तळवा असतो, गाडीच्या घट्ट बुटात तो मावत नाही, हे मला दिसत होतं. आम्ही दोघंही मूग गिळून होतो.

"सांग की."

"अडुसष्ट."

"हं." तिनं कोपऱ्यातल्या काळीवरची चादर काढली आणि मला सीटच्या कडेवरून हात फिरवायला लावला. डावी बाजू उजवीपेक्षा चांगली बोटाच्या जाडीएवढी खाली होती. दर वर्षी थोडी थोडी कापून तिनं ती आपल्या पायाला आणली होती, कुणाला न सांगता, कार्डावर न लिहिता. "माहीत होतं रे मला," ती म्हणाली. "फक्त लिहायला हात होत नव्हता. लिहिलं की खरं होतं ना." तिचे डोळे भरून आले. मग तिनं बाहीनं तोंड पुसलं आणि आवाज एकदम पहिल्यासारखा झाला. "चल, वजन लिही. हाताची पोच लिही. बसलास काय?"

सगळं लिहून झाल्यावर म्हणाली, "तो हत्ती मी निवडला कुणासाठी? दोन्ही पाय सारखे असलेल्या, सदतीस वर्षांच्या बाईसाठी. ती गेली कधीच. तिला जमलं नाही, मान्य. पण माझी परीक्षा अजून झालेलीच नाही."

"ताई, ही पळवाट आहे."

"असेल. पण माप खरं आहे की नाही?"

टेप माझ्याच हातात होती.

"अट तीच," ती म्हणाली. "गाडी एक, परीक्षा एक. नाही उचलली तर काळीला मी स्वतः भंगारात घालीन आणि तू सांगशील ती स्कूटर घेऊन भाजी आणायला जाईन. तोवर किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

आणि मग ती जी हट्टाला पेटली! त्या आठवड्यात जे गिऱ्हाईक आलं त्याची गाडी अंगणात आडवी झाली. खाली फोमचे जाड पत्रे अंथरायची आणि गोड आवाजात विचारायची, "पाच मिनिटं घेऊ का हो?" दातांचे डॉक्टर डोळे मिटून उभे होते, जणू त्यांचाच दात काढतायत. एकशे साठ किलोपर्यंतची गाडी ताई बिनबोभाट उचलत होती. एकशे नव्वदची जागची हलली नाही. मधल्या वजनाची एकही गाडी त्या आठवड्यात आली नाही.

मग एका संध्याकाळी तिनं गाड्यांची माहितीपत्रकं पसरली आणि आपल्या कार्डाशेजारी एकेक ठेवत गेली. ही उंच, बाद. ही जड, बाद. ही हलकी पण सामान झेपणार नाही, बाद. शेवटी एकच उरली. मी डोकावून बघितलं आणि मला हसू फुटलं. फिकट हिरवी, एकशे अठ्ठ्याहत्तर किलो.

"हा तर पोरखेळ ना?"

"तोंड बंद कर आणि उद्या टेम्पो बघ," ताई म्हणाली.

टेम्पोतून आम्ही फोमचे चार पत्रे नेले. शोरूमच्या दारात विक्रीवाल्यानं आम्हाला ओळखलं. "मॅडम, आडवी पाडायची नाही हां!" तोवर ताई पत्रे उतरवून घेत होती. मॅनेजर आला. ताईनं त्याला एक पत्रा दाबून दाखवला. "यावर माणसं हजार हजार किलोमीटर बसतात. तुमच्या गाडीला पाच मिनिटं झोपायचंय." मॅनेजरनं पत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यानं टाकी भरलेली गाडी मागच्या सिमेंटच्या आवारात काढून दिली.

ताई तिच्यावर बसली. "पुठ्ठा," ती म्हणाली, आणि मी दोन्ही बुटांखाली पट्ट्या सरकवून ओढल्या. उजवी अडकली. डावी सहज बाहेर आली. "दोन सेंटिमीटर," मी म्हणालो. "कापता येतील," ती म्हणाली आणि खाली उतरली.

स्टँड उघडून आम्ही गाडी उजवीकडे फोमवर निजवली. ताईनं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकलं. "हात खिशात," ती म्हणाली. मी दोन्ही हात खिशात घातले. उजव्या खिशात किल्ली होती.

पहिल्या झटक्यात गाडी अर्धी वर आली आणि फोमच सिमेंटवरून घसरला. गाडी परत खाली. दुसऱ्यांदा हँडलचं टोक फोममध्ये रुतून बसलं आणि चाक निसटलं. तिच्या अंगणात पत्रे फरशीच्या खाचांत अडकून राहायचे. इथं सिमेंट गुळगुळीत. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता संपलं. आणि वाटलं ते मला आवडलं नाही.

"फोम काढ," ताई म्हणाली.

मॅनेजर पुढे झाला. "मॅडम, ओरखडा आला तर..."

"तर गाडी माझी. कागद आणा, आधी सही घ्या."

"ताई!" मी ओरडलो. "उचलता नाही आली तर? घेतलेली गाडी घेऊन बसशील काय?"

"तुझ्या दारात लावीन. धूळ पुसत जा." तिनं फोमच्या पत्र्यावरच कागद ठेवून सही केली. मॅनेजरनंही मुकाट्यानं केली. विक्रीवाल्यानं पत्रे ओढून घेतले. गाडी उघड्या सिमेंटवर टेकली आणि कर्र असा आवाज आला. बसला ओरखडा. गाडी तिची झाली, आणि अजून आडवी होती.

ताईनं पाठ केली. बूड टेकवलं. हँडल धरलं. मग थांबली, खाली बघितलं, आणि डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मागे घेतला. दोन सेंटिमीटर. वीस वर्षांत तिनं दोन्ही पाय नेहमी एका रेषेत ठेवले होते. मी दर वर्षी बघत आलोय. आज पहिल्यांदा तिनं त्या पायाला त्याची जागा दिली.

गाडी उठली. गुडघ्यापर्यंत आली. मांडीपर्यंत आली. तिथं अडकली. वरही जाईना, खालीही येईना. ताईचे पाय थरथरायला लागले. तोंडातून आवाज नाही, नुसता श्वास. उजवं पाऊल एक बोट मागं. डावं एक बोट मागं. मग तेही थांबलं. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत मदत मागणं नव्हतं, नुसतं बघणं होतं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "उचल की गं ताई! उचल! आण मागं, अजून एक पाऊल, उचल!"

मी ओरडत होतो. माझे गुडघे वाकलेले होते. अटीप्रमाणे मला ब्र काढायला बंदी होती, आणि मी आवार डोक्यावर घेतलं होतं. वीस वर्षं ती हरावी म्हणून वाट बघणारा मीच तो.

डावा पाय मागं गेला. उजवा गेला. गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वर आली आणि स्टँडवर टक्कन बसली.

ताई सीटवर पालथी पडून धापा टाकत होती. विक्रीवाल्यानं कधीचे मिटलेले डोळे आत्ता उघडले. मॅनेजर आतून नवी किल्ली घेऊन आला आणि तिच्यापुढे धरली. तिनं हनुवटीनंच माझ्याकडे खूण केली. हात तिचे अजून उचलत नव्हते.

मी खिशातून हात काढला. काळीची किल्ली मी इतकी घट्ट धरली होती, की तिचे दात तळहातावर उमटले होते. जुन्या रिंगचा वेढा नखानं उघडायला मला बराच वेळ लागला, कारण नीट दिसत नव्हतं. रडत होतो मी, दुसरं काय. काळीची किल्ली राहू दिली, शेजारी नवी अडकवली, आणि रिंग ताईच्या हातात ठेवली.

"तू बोललास," ती म्हणाली. "अट मोडलीस."

"हो."

"पुढच्या वर्षीही मोड." तिनं उठून त्या ताज्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला, मग माझ्या खांद्यावरचं जाकीट ओढून घेतलं. "आणि टेप घेऊन ये. आधी माप, मग गाडी. आता बघत काय उभा राहिलास? ते फोमचं टोक धर."

मी टोक धरलं.